इथेच घोडं पेंड खातं: ईएस-१७५ की ईएस-३३०?

जुनी आर्चटॉप, म्हणजे फुगीर फळीची, इलेक्ट्रिक गिटार घ्यायचीच असं एकदा डोक्यात बसलं, की बराच घोळ घातल्यावर शेवटी दोनच नावं उरतात. निदान माझं तरी तसं झालं. एक गिब्सनची ईएस-१७५ आणि दुसरी ईएस-३३०. दोन्ही मी वापरल्या आहेत. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीची १७५ माझ्याकडे सात वर्षं होती. ३३० साधारण त्याच काळातली, ती अजूनही आहे. मधले आठेक महिने दोघी एकाच खोलीत, स्टँडवर समोरासमोर उभ्या होत्या. रोज संध्याकाळी कोणती उचलायची याचा मी आधी विचार करायचो. मग काही आठवड्यांनी लक्षात आलं की विचार करणं कधीच बंद झालंय, हात आपोआप एकीकडेच जातोय. तेव्हा मी तटस्थ आहे असं समजून पुढे वाचू नका. पण दुसरीवरही सात वर्षं जीव लावला होता, त्यामुळे तिच्यावर अन्याय होणार नाही एवढं बघतो.

ईएस म्हणजे इलेक्ट्रिक स्पॅनिश, दोन्ही गिब्सनच्या अमेरिकेतल्या कॅलमाझूच्या कारखान्यातल्या, दोन्ही सोळा इंच रुंद, दोन्हींची वरची फळी एकसंध लाकूड कोरून न काढता मेपलचे थर दाबून केलेली, हे तुम्हाला ठाऊक असणारच. आणखी एक गोष्ट ठाऊक असेल, पण ती विसरायला होते, म्हणून सांगतो. ३३० दिसते हुबेहूब गिब्सनच्याच ईएस-३३५ सारखी. दोन्हीकडे नेकलगत अंग कापून केलेले गोल कान, पातळ अंग, दोन एफ-होल, म्हणजे इंग्रजी एफच्या आकाराची भोकं. पण ३३५ च्या पोटात मधोमध लाकडी ठोकळा आहे, ३३० चं पोट रिकामं. दिसण्यावर जाऊन ३३० घेणारे आणि मग ॲम्पचा आवाज वाढवल्यावर गोंधळून जाणारे मी पाहिले आहेत. ३३० ही नात्याने ३३५ ची बहीण वाटते, स्वभावाने मात्र ती १७५ ची. म्हणून तर ही तुलना.

आधी आवाजाचं बोलू, कारण १७५ कडे माणूस आवाजासाठीच जातो.

नेकजवळचा पिकअप (तारेचं कंपन विजेत बदलणारी चुंबकी गुंडाळी), टोनची कळ निम्म्याच्या खाली, बारा किंवा तेराच्या, म्हणजे जाड, फ्लॅटवाउंड, म्हणजे गुळगुळीत गुंडाळीच्या तारा. अशा १७५ वर एक सूर छेडला की आधी लाकडावर बोट टेकल्यासारखा मऊ ठोका येतो, मागोमाग गोल, भरीव सूर येतो आणि तो लगेच विरायला लागतो. आस कमी. सतार-सरोदवाल्यांच्या कानाला हा दोष वाटेल, पण चार-पाच सुरांच्या कॉर्ड एकामागून एक लावत जायच्या असतील, तर हेच वरदान ठरतं. आधीची कॉर्ड पुढचीच्या पायात येत नाही. मधल्या तारांवर काय हलतंय ते वेगळं ऐकू येतं. जॅझ गिटारवादक जो पास १९६३ मध्ये एका चाहत्याने भेट दिलेली १७५ घेऊन एकट्याने अख्खी मैफल उभी करायचा, तेव्हा बास, कॉर्ड आणि चाल या तिन्ही गोष्टी एकमेकींत न मिसळता चालायच्या. त्यात त्याच्या बोटांचा वाटा किती आणि गिटारचा किती हे कोण सांगणार? पण त्या बोटांना ही गिटार मानवली होती एवढं नक्की. जिम हॉल या दुसऱ्या जॅझवाल्याच्या १७५ ला तर एकच पिकअप होता आणि त्याला दुसऱ्याची उणीव भासल्याचं त्याच्या वादनावरून तरी वाटत नाही.

१९४९ मध्ये ही गिटार आली ती पी-९० हा एकाच गुंडाळीचा पिकअप घेऊनच. नावातला आकडा म्हणजे तिची तेव्हाची डॉलरमधली किंमत. दुसरा पिकअप असलेली आवृत्ती १९५३ ची, आणि १९५७ मध्ये हमबकर, म्हणजे गुणगुण मारणारे दोन गुंडाळ्यांचे पिकअप, आले. आज 'जॅझ गिटारचा आवाज' म्हटल्यावर जो कानात वाजतो तो बहुतेकदा हमबकरवाल्या १७५ चा असतो. पी-९० वाली जुनी १७५ मी एकदाच, जेमतेम तासभर वाजवली. ती जास्त मोकळी, थोडी खरखरीत आणि मला विचाराल तर जास्त बोलकी वाटली. एका तासावर मत बनवू नये हे खरं. तरी बनलं.

३३० चा आवाज याच खरखरीत, बोलक्या दिशेचा आहे. ती १९५९ ची, तिच्यावर पी-९० च, आणि अंग १७५ च्या निम्मंच जाड. खर्जात १७५ सारखा पोटातून येणारा घुमारा नाही. त्याऐवजी मधल्या पट्टीत एक प्रकारची हवा आहे. सूर जवळून, तोंडासमोर कोणी बोलावं तसा येतो. साठच्या दशकाच्या सुरुवातीचा जॅझ गिटारवादक ग्रँट ग्रीन ऐका. एकेक सूर सुटा, कडा धारदार, पण टोचणारा कुठेच नाही. त्याने ते ३३० वर केलं होतं. चाली, फ्रेझा, ब्लूज, थोडं मोडून-तोडून वाजवणं हे तुमचं काम असेल तर ३३० लगेच तुमच्या बाजूने बोलते. संथ, दाट कॉर्डमध्ये मात्र ती १७५ इतकी भारदस्त कधीच होत नाही. हे मी ती गिटार मांडीवर घेऊनच लिहितोय, तेव्हा कबुली पक्की समजा.

हातात घेतल्यावरचा फरक पहिल्या मिनिटात कळतो. १७५ च्या अंगाची जाडी सव्वातीन इंचांहून थोडी जास्त. उजवा हात तिच्या काठावरून जाताना खांदा नकळत वर उचलला जातो. पंचविशीत हे कळत नाही, चाळिशीनंतर दोन तासांच्या सरावाला खांदा हिशेब मागतो. ३३० पावणेदोन इंचांच्या आतबाहेर, आणि इतकी हलकी की पहिल्यांदा उचलताना काहीतरी काढून ठेवलंय की काय असं वाटतं.

नेकच्या जोडाबद्दल ३३० ची बरीच बदनामी आहे. तिची नेक सोळाव्या फ्रेटच्या आसपास अंगाला भिडते, म्हणजे दोन्हीकडे कान कापलेले असूनही सतराव्याच्या पुढे हात अडखळतो. १९६८ च्या शेवटी शेवटी गिब्सनने जोड पुढे सरकवला आणि नेक ३३५ सारखी लांब केली. अशी लांब नेकवाली ३३० मिळाली तर वरचे फ्रेट मोकळे. पण नेक आत रुतलेली असण्याचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही. गिटार बसून धरली की पहिला फ्रेट शरीराच्या जवळ येतो. डावा हात ताणावा लागत नाही. तासन्‌तास खालच्या फ्रेटवर कॉर्ड वाजवणाऱ्याला हे फार सुखाचं. वरच्या सप्तकात भराऱ्या मारणाऱ्याने जुन्या जोडाची ३३० घेऊ नये, किंवा घेतली तर कुरकुर करू नये. १७५ ची नेक चौदाव्या फ्रेटला अंगाशी मिळते, तिचं टोकदार शिंग एकाच बाजूला, फ्रेट वीस. तिथेही फार वर जायची सोय नाहीच, पण जेवढी आहे तेवढी हाताला सरळ येते.

पिकअपमधून येणाऱ्या विजेच्या गुणगुणीचं काय? पी-९० गुणगुणणार. जुन्या ३३० मध्ये दोन्ही पिकअप एकाच दिशेने गुंडाळलेले असतात, त्यामुळे पिकअप निवडायची कळ मध्ये ठेवली तरी गुणगुण कटत नाही. मी खुर्ची फिरवून बसायला शिकलो. प्रत्येक खोलीत एक कोन असा असतो की तिथे ती जवळजवळ गप्प होते. शिवाय हे पिकअप थेट फळीवर बसवलेले, त्यांची उंची वर-खाली करायला नुसता पेचकस पुरत नाही, खाली चकत्या घालाव्या लागतात. तारेतारेचा समतोल मात्र खांबांचे स्क्रू फिरवून छान जमतो. हमबकरवाल्या १७५ ला यातला कुठलाच त्रास नाही. या एका मुद्द्यावर १७५ निर्विवाद पुढे.

फीडबॅक, म्हणजे ॲम्पचा आवाज गिटारमध्ये शिरून घुमत राहणं, दोघींनाही आहे. माझ्या अनुभवात १७५ खालून घुमते. सहाव्या तारेवर पाचव्या-सहाव्या फ्रेटच्या आसपास एक सूर असा होता की तो वाजवला की अख्खं पोट हुंकार द्यायचं आणि मग थांबायचं नावच नाही. ३३० वरून किंचाळते, पण मी ॲम्पकडे पाठ केली किंवा तळहात तारांवर टेकवला की ऐकते. स्टीव्ह हाउ १७५ घेऊन येससारख्या मोठ्या आवाजाच्या रॉक बँडमध्ये वर्षानुवर्षं उभा राहिला, म्हणजे हे आवाक्याबाहेरचं नाही. फीडबॅकसाठी १७५ नाकारू नका. मी तरी त्यासाठी नाकारली नाही.

मी नाकारली ती घोडीपायी.

ब्रिजला आपण सतारीवर आणि व्हायोलिनवर घोडी म्हणतो, तोच शब्द इथे चपखल बसतो. १७५ ची घोडी शिसवी लाकडाची, दोन तुकड्यांची. खाली पाया, वर तारा टेकायची पट्टी आणि दोघांमध्ये उंची बदलायला दोन चाकं. हा पाया फळीवर नुसता ठेवलेला असतो. स्क्रू नाही, खिळा नाही, डिंक नाही. तारांचा दाब हीच त्याची वेसण. तारा काढल्या की घोडी सुटी, हातात येते. व्हायोलिनची तशीच असते, मग तक्रार कसली, असं तुम्ही म्हणाल. तक्रार अशी की गिटारला फ्रेट आहेत. व्हायोलिनवाला बोट केसभर सरकवून सूर सावरतो. गिटारवर फ्रेट जिथे आहेत तिथेच राहणार. घोडी सरकली की सगळा हिशेब चुकला.

किती चुकतो ते पाहा. या गिटारची तारेची लांबी पावणेपंचवीस इंच, म्हणजे सुमारे ६२९ मिलिमीटर. घोडी तीन मिलिमीटर सरकली तर मोकळी तार बरोबर मिळवल्यावरही बाराव्या फ्रेटवर सूर साधारण आठ सेंटने चुकतो (सेंट म्हणजे अर्ध्या सुराचा शंभरावा भाग). एकट्या सुरात आठ सेंट पुष्कळांच्या कानाला लागणार नाहीत. पण घोडी कधीच सरळ सरकत नाही. एक टोक सरकतं, दुसरं जागच्या जागी राहतं. मग पातळ तारा चढ्या आणि जाड तारा बरोबर, आणि कॉर्ड आतल्या आत भांडायला लागते.

माझ्या सात वर्षांत हे किती वेळा झालं ते मोजलं नाही. मोजलं असतं तर गिटार आधीच विकली असती. पहिल्यांदा झालं ते मात्र नीट आठवतं. तारा बदलल्या होत्या, नव्या तारा ताणताना त्या घोडीला हळूच पुढे, नेककडे ओढतात हे तेव्हा माहीत नव्हतं. रात्री वाजवायला बसलो. पहिल्या चार फ्रेटवर सगळं ठीक. आठव्याच्या पुढे गेलं की काहीतरी आंबट. आधी वाटलं, कान थकलेत. मग बासवाल्याकडे दोन-तीनदा संशयाने पाहिलं. त्याने शांतपणे आपला ट्यूनर माझ्याकडे सरकवला. मोकळ्या सहाही तारा बिनचूक होत्या. मध्यंतरात खाली वाकून पाहिलं तर घोडीचं पातळ तारांकडचं टोक नेककडे सरकलेलं, आणि पॉलिशवर तिची जुनी जागा फिकट पट्ट्यासारखी उघडी पडलेली. तो पट्टा किमान तीन मिलिमीटरचा होता. इतकी वर्षं ती तिथे बसून होती आणि मी एका संध्याकाळी हलवली.

त्यानंतर मी शहाणा झालो, म्हणजे मी एक-एक विधी वाढवत गेलो. तारा कधीच एकदम सगळ्या काढायच्या नाहीत, एक काढा, एक लावा. पायाच्या चारही कोपऱ्यांपाशी पेन्सिलची बारीक खूण. केसमधून काढल्यावर आधी खुणा बघायच्या, मग बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक आणि दाबलेला सूर जुळतात का ते पाहायचं. केसचं झाकण घोडीवर दाब देतं का तेही पाहायचं, कारण माझ्या केसचं देत होतं. पायाखाली रोझिन चोळून पाहिलं. थोडा उपयोग झाला. दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीचा तुकडा लावून पाहिला, घोडी हलली नाही, पण आवाज माझ्या कानाला तरी दबला. पाया फळीच्या वळणाला नीट बसत नसेल म्हणून फळीवर पॉलिश कागद उलटा ठेवून पाया हळूहळू घासून घेतला. यातून मात्र खरंच फरक पडला आणि आवाजही सुधारला. ज्यांच्याकडे अशी घोडी आहे त्यांनी हे आधी करावं.

जाड तारा लावल्या की दाब वाढतो आणि घोडी जास्त स्थिर राहते. तेराच्या फ्लॅटवाउंड असताना माझी घोडी महिनेन्‌महिने गप्प असायची. गोम अशी की मला मधूनच हलक्या तारा लावाव्याशा वाटतात, तार ओढून मींडेसारखं काही करावंसं वाटतं. हलक्या तारांत दाब कमी, ओढण्यात आडवा जोर जास्त, म्हणजे घोडीला दोन्हीकडून आमंत्रण. त्यात आणखी एक पाचर. या लाकडी पट्टीवर तारांच्या टेकण्याच्या जागा तिसरी तार गुंडाळलेली आहे असं धरून कापलेल्या असतात. साधी, न गुंडाळलेली तिसरी तार लावली की ती तार वरच्या फ्रेटवर हमखास चढी वाजते, घोडी कितीही बरोबर ठेवा. म्हणजे या घोडीने माझ्या वतीने ठरवून टाकलं होतं की मी कोणत्या तारा लावायच्या आणि कशा वाजवायच्या. जॅझवाल्याला हे मान्य असतं. मी अर्धाच जॅझवाला.

एका कारागिराने पायाला दोन पिना मारून फळीत रोवायचं सुचवलं. बरेच जण करतात. पण जुन्या फळीला भोक पाडायचं माझ्याच्याने झालं नाही, आणि विकताना त्या दोन भोकांचा हिशेब होतोच. मग लाकडी पट्टीच्या जागी धातूची ट्यून-ओ-मॅटिक लावून पाहिली, सहा तारांना सहा स्वतंत्र टेके. सत्तरच्या दशकात गिब्सननेही १७५ ला तीच बसवली, लाकडी पायावर. माझा तिसऱ्या तारेचा प्रश्न सुटला, सरकण्याचा नाही, कारण पाया अजूनही सुटाच. आणि आवाज बदलला. आस वाढली, कड आली, सुरुवातीचा तो मऊ ठोका गेला. पंधरा दिवसांनी मी ती काढली आणि लाकडी पट्टी परत बसवली. ज्या आवाजासाठी ही गिटार घेतली होती, त्यातला बराचसा त्या नाठाळ घोडीतूनच येत होता. इथेच घोडं पेंड खातं.

३३० वर ट्यून-ओ-मॅटिकचे दोन खांब थेट फळीत रोवलेले असतात. बस्स. सगळ्या तारा एकदम काढा, पुसा, परत लावा, ब्रिज जिथल्या तिथे. नऊच्या तारा, अकराच्या, गुंडाळलेली तिसरी, साधी तिसरी, काय वाटेल ते. मी ती पहिल्या दिवशी घरी आणली, सगळ्या तारा एकदम काढल्या आणि पाच मिनिटं नुसता बघत बसलो. इतका मोकळेपणा सात वर्षांत अनुभवला नव्हता.

तिचीही खोड आहे. साधारण १९६२ च्या आधीच्या ब्रिजवर टेके धरून ठेवणारी बारीक आडवी तार नसते. वाजवताना गिटारची तार तुटली की टेका उडतो. माझा एकदा अंधाऱ्या स्टेजवर घरंगळत गेला आणि मी पुढची दोन गाणी पाच तारांवर काढली. नंतरच्या ब्रिजवर ती आडवी तार आली, टेके पडायचे थांबले, पण ती तारच कधीकधी भुणभुणते. शिवाय दशकानुदशकं दाब घेऊन हे जुने ब्रिज मधोमध वाकलेले आणि खांब पुढे झुकलेले आढळतात. दोघींच्याही टेलपीस आणि ब्रिज यांच्यामधल्या तारा आपल्याच मनाने गुणगुणतात. तिथे चामड्याची पट्टी गुंफली की शांत. हे सगळे त्रास खरेच आहेत, पण एकदा दुरुस्त केले की दुरुस्त राहतात. घोडीचं दुखणं मी रोज सकाळी नव्याने बघत होतो.

प्रत्यक्ष घ्यायला जाल तेव्हा दोन-चार गोष्टी. १९६५ च्या सुमारास गिब्सनने दोघींचीही नेक नटपाशी, म्हणजे खुंट्यांकडच्या टोकाला, अरुंद केली, ४३ मिलिमीटरवरून ४० च्या आसपास. तीन मिलिमीटर कागदावर काहीच नाहीत, पण माझ्या बोटांना त्या अरुंद नेकवर कॉर्ड दाटीवाटीने बसतात. काहींना आवडते, आणि किंमतही थोडी उतरलेली असते. वाजवून ठरवा. पन्नासच्या दशकाच्या शेवटची किंवा साठच्या सुरुवातीची हमबकरवाली १७५ असेल तर पिकअप मूळचे आहेत का ते काढून बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. त्या पिकअपसाठी कितीतरी १७५ उघडल्या गेल्या आणि आत दुसरेच बसवले गेले. हेडस्टॉकच्या, म्हणजे खुंट्यांच्या डोक्याच्या, मागे बोट फिरवून चीर शोधा, जुन्या गिब्सनचं ते नेहमीचं दुखणं. ३३० मध्ये ब्रिजखाली फळी बसली आहे का ते बाजूने, उजेडाच्या रेषेत बघा, आणि जमल्यास एफ-होलमधून छोटा आरसा घालून आतल्या पट्ट्या सुटल्या नाहीत ना ते पाहा. १७५ मध्ये घोडी उचलून खाली पिनांची भोकं आहेत का बघा. असतील तर भाव पाडून घ्या आणि मनातल्या मनात खूश व्हा, कारण कुणीतरी तुमच्यासाठी पाप आधीच करून ठेवलंय. १७५ वर कुणी बिग्जबी, म्हणजे तारांना हेलकावे देणारा ट्रेमोलोचा दांडा, बसवलेला दिसला तर मात्र दोनदा विचार करा. सुट्या घोडीवर ट्रेमोलो म्हणजे आगीत तेल. ३३० वर तो सुखाने नांदतो.

फिंगरबोर्ड ब्राझिलियन रोझवुडचा असण्याची शक्यता दोन्हीकडे आहे. ते लाकूड १९९२ पासून साइट्सच्या, म्हणजे दुर्मीळ वनस्पती-प्राण्यांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या, पहिल्या परिशिष्टात आहे. गिटार देशाबाहेरून येणार किंवा जाणार असेल तर कागदपत्रांचा विचार आधी करा, विमानतळावर नाही.

३३० चा भाव झेपत नसेल तर एपिफोन कॅसिनो बघा. १९५७ मध्ये एपिफोन गिब्सनकडे आली आणि १९६१ पासून कॅसिनो त्याच कॅलमाझूच्या कारखान्यात, त्याच बांधणीची निघाली. बीटल्समुळे तिचं नाव झालं आणि जुन्या कॅसिनोचा भाव आता तिच्या बहिणीच्या बरोबरीने चालतो हे खरं, पण कधीकधी एखादी निसटते.

मग कोणती? तुम्ही एकटे वाजवत असाल, कॉर्डमधून चाल बांधणं हे तुमचं वेड असेल, जाड फ्लॅटवाउंड तारा लावून त्या वर्षभर न बदलणाऱ्यांपैकी असाल, तर १७५ घ्या आणि माझी सगळी बडबड विसरा. तिच्या त्या एका मऊ ठोक्याला ३३० कडे उत्तर नाही. ३३० कडे जाताना तो आवाज मागे सोडावा लागतो आणि त्याची रुखरुख मला आजही आहे. पण तुम्ही तारा बदलत राहणारे असाल, ढोलकवाल्याशेजारी बसून वाजवणारे असाल, गिटार घेऊन फिरणारे असाल, एखाद्या संध्याकाळी जॅझ आणि दुसऱ्या संध्याकाळी भलतंच काही वाजवणारे असाल, तर माझा हात जिथे आपोआप जायचा ती ३३० घ्या.

१७५ मी एका मित्राला दिली. तो दोन्ही अटींत बसतो, एकटा वाजवतो आणि तारा वर्षातून एकदा बदलतो. त्याच्याकडे गेलो की तो न विचारता तिची केस उघडून माझ्यासमोर ठेवतो. मी एफ-होलच्या बाजूला वाकून आधी पेन्सिलच्या खुणा शोधतो. गेल्या वेळी त्या पुसट झाल्या होत्या, आणि घोडी अजून तिथेच होती. त्याच्याकडून पेन्सिल मागून घेतली आणि खुणा पुन्हा गडद करून दिल्या.